चिंचेत अडकलेला पतंग

"हे मशीन हळू चालवता येते काय गा?"

बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तेव्हा नागपुरात सीताबर्डीवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीचं काम करत होतो आणि या धंद्यात आपण चांगले मुरलो आहोत असा माझा समज होता. मशीन गरम होतं, मशीन ओरडतं, पोरगा त्यावर अभ्यास सोडून सगळं करतो, अशा तऱ्हेतऱ्हेच्या तक्रारी ऐकून झाल्या होत्या. शेवटी सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असायचं, मशीन हळू झालंय, जरा पळायला लावा. हळू करून मागणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं. बाईंची जीभ घसरली असेल असं समजून मीच सुधारून घेतलं, "फास्ट म्हणायचं आहे ना मॅडम?"

"मले जे म्हणायचं होतं तेच मी म्हटलं," बाई म्हणाल्या. "तू ऐकत नाहीस. इथल्या पोट्ट्यांले ऐकू येत नाही, पण ते तुझ्यापेक्षा बरं ऐकतात."

शाळा कर्णबधिर मुलांची होती, सक्करदऱ्याच्या तलावापासून पाच मिनिटांवर. बाई तिथे मुलांना बोलायला शिकवायच्या. व्हरांड्याच्या टोकाला त्यांची खोली, खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि खिडकीबाहेर चिंचेचं मोठं झाड. त्या टेबलावर मी नुकतंच एक मशीन आणून मांडलं होतं. कुठल्याशा कंपनीनं शाळेला दान दिलेलं. काळं कॅबिनेट, एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे. सिनेमातली खोटी आग आणि खोटे पूर तयार करायला वापरतात त्या जातीचं. आमच्या दुकानातल्या दहा मशीनचं काम त्यानं एकट्यानं केलं असतं. असं मशीन हाताळायला मिळालं म्हणून मी सकाळपासून खुशीत होतो. दोन तास खपून त्यावर सगळ्यात नवी सिस्टीम टाकली होती, आणि आता बाई कौतुक करतील म्हणून उभा होतो.

बाईंनी पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "हे काढ. यावर डॉस टाक."

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. डॉस म्हणजे काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. माऊस नाही, चित्रं नाहीत, इंटरनेट नाही. जे हवं ते टाइप करून सांगायचं, आणि मशीन एका वेळी एकच काम करणार. माझी स्वतःची त्याच्याशी ओळख आयटीआयच्या पुस्तकातल्या एका धड्यापुरती होती, आणि परीक्षेत तो धडा मी ऑप्शनला टाकला होता.

"मॅडम, या मशीनवर डॉस टाकणं म्हणजे..." मी म्हणालो.

"म्हणजे काय? मशीन रडन काय? तुझं ते नवं पाहा ना, दर दोन मिनिटांनी विचारून राहिलं, अपडेट करू काय, अपडेट करू काय. घरी आलेला पाहुणा इतक्या वेळा चहा मागता तर मी त्याले हाकलून दिलं असतं."

मग त्यांनी मला इंजिनिअर म्हणायला सुरुवात केली. मी आयटीआयवाला, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी शेवटपर्यंत मी इंजिनिअरच राहिलो. चिडवत होत्या की मान देत होत्या हे मला कधी नीट कळलं नाही.

बाईंची एक सवय मला जन्मभराची लागली. त्या कोणाशीही पाठमोऱ्या बोलायच्या नाहीत आणि कोणाला बोलू द्यायच्या नाहीत. मी मशीनच्या मागे वाकून वायरी लावता लावता काहीतरी पुटपुटलो, तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं, माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आता बोल." मुलांना ओठ दिसले पाहिजेत म्हणून लागलेली सवय, पण बाई ती सगळ्या नागपूरवर चालवायच्या. ऑटोवाल्याला आधी ऑटो बंद करून मागे वळायला लावायच्या आणि मगच कुठे जायचं ते सांगायच्या. हाका मारायच्या नाहीत, दिव्याचं बटण चालू-बंद करायच्या. त्यांची शेजारीण, कान अगदी ठणठणीत असलेली, बाईंच्या अंगणातला दिवा दोनदा मिचकला की हातातलं काम टाकून यायची. माझं लग्न झालं तेव्हा बायकोनं आठवड्याभरात विचारलं, "तुम्ही बोलताना असे तोंडाकडे काहून पाहून राहता?" आता तिला काय सांगणार!

लोकांना वाटायचं बाई जुन्यात रमलेल्या आहेत. मीही तसंच समजत होतो. प्रत्यक्षात त्यांच्या गल्लीत बॅटरीवरची स्कूटर पहिली त्यांनी घेतली. भाजीवालीला पैसे मोबाईलवरून द्यायच्या. व्हिडिओ कॉल हा तर त्यांना माणसानं लावलेला सगळ्यात मोठा शोध वाटायचा, कारण त्यावर त्यांचे जुने विद्यार्थी त्यांच्याशी हातांनी तासन् तास गप्पा मारायचे. साधा फोन मात्र त्यांना सोसत नसे. "तोंड दिसत नाही अन् हात दिसत नाहीत, त्याले बोलणं कोण म्हणन?" घरातली जुनी भांडी, जुने रेडिओ त्यांनी कधीच काढून टाकले होते. एखादी वस्तू जुनी आहे की नवी हे त्या विचारतच नसत. काम करते का, एवढंच विचारायच्या.

आणि डॉसवर त्यांचं एक काम चालत होतं, जे दुसऱ्या कशावर चालत नव्हतं.

ते काम म्हणजे एक प्रोग्राम, बाई त्याला कार्यक्रम म्हणायच्या, आणि तो त्यांनी स्वतः लिहिला होता. तिशी सरता सरता दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यांनी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये घालवल्या. बाकी सगळे नोकरीसाठी शिकत होते, बाई एका पतंगासाठी. पडद्यावर खाली हिरवी जमीन, मध्ये चिंचेचं झाड, खिडकीबाहेर होतं तसंच, आणि जमिनीवर एक लाल पतंग. स्टीलच्या डब्याला भोक पाडून त्यात बाईंनी माईक बसवला होता आणि डब्याची वायर मशीनला जोडली होती. मुलानं डब्याशी तोंड नेऊन "आ" केलं की पतंग वर जायचा. आवाज टिकेल तोवर पतंग चढणार, आवाज तुटला की खाली. झाडाच्या शेंड्यावरून पतंग निघाला की मूल दोन्ही हात वर करायचं. ज्या मुलाला स्वतःचा आवाज जन्मात कधी ऐकू आला नाही, त्याला तो तिथे लाल रंगात दिसायचा. श्वास धरून आवाज लांबवता आला की मग पुढे शब्द.

पतंगच का, हे त्यांनी मला एकदा सांगितलं. त्यांचे वडील गिरणीत होते. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते विशीतले होते, आणि तेव्हापासून काहीही झालं तरी घरात कोणाची शाळा बुडू द्यायची नाही हा त्यांचा कायदा. फक्त धाकट्या भावाची शाळा बुडली, कारण त्याला ऐकू येत नव्हतं आणि कोणतीही शाळा त्याला घेईना. तो भाऊ पतंग मात्र असा उडवायचा की आख्खा मोहल्ला बघत राहायचा. समोरच्याचा पतंग कापला की सगळे छतावरून "ओ पार" म्हणून ओरडतात. त्याला ओरडता येत नसे. मग तो बहिणीकडे बघायचा आणि त्याच्या वाटचं बाई ओरडायच्या.

"मी तरी किती दिवस ओरडणार होती?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी विषय बदलला.

शाळेत प्रत्येक माणसाला मुलं एक खूण ठेवतात, तेच त्याचं नाव. बाईंचं नाव होतं दोन बोटांनी मांजा ओढणं. माझं नाव पडलं डोकं खाजवणं. का पडलं ते सांगायला नको.

आता त्या वर्षाची गोष्ट. शाळेचं जुनं मशीन वीस वर्षं चाललं आणि जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी धूर काढून बंद पडलं. तेव्हा बाईंकडे एक सहा वर्षांची मुलगी होती. भिवापूरची. बाप तिथे मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कामाला, मुलगी इकडे सक्करदऱ्याला मावशीकडे राहायची. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिचा पतंग झाडाच्या निम्म्यापर्यंत पोचला होता. सुट्टीहून परत आली तर पतंगच नाही. पहिले काही दिवस ती डब्याशी येऊन बसायची. मग तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

बाप भेटायला आला होता. पोरगी मावशीच्या घरी कोपऱ्यात बसून असते, इतकं दूर ठेवून उपयोग काय, असं त्याचं म्हणणं. वाईट माणूस नव्हता तो. दिवाळीपर्यंत पाहतो म्हणाला, नाहीतर घेऊन जातो. घरी आईजवळ बसून निदान मिरच्यांचे देठ तरी खुडेल.

"दिवाळीपर्यंत मले पतंग पाहिजे," बाईंनी मला उजेडात उभं करून सांगितलं. "समजलं काय इंजिनिअर?"

समजलं होतं. तरी मी आधी माझी हुशारी चालवलीच. नवी सिस्टीम काढायला माझं मन होईना. म्हणून तिच्याच आत एक जुन्या मशीनचं सोंग उभं केलं आणि जुन्या डिस्कवरून पहिल्याच दिवशी उतरवून घेतलेला पतंग त्यात चालवला. दिसायला हुबेहूब. बाईंनी डब्यात "आ" केलं. पतंग उडाला, पण किंचित मागाहून. टाळी वाजवून होईल इतकाच उशीर. मी म्हटलं, "एवढ्यानं काय होते?"

"तुले काही होत नाही, तुले ऐकू येते. त्या पोट्टीचा आवाज आत्ता अन् पतंग मग. तिले कसं समजन की हे आपणच केलं?"

मी नवी सिस्टीम पुसली आणि त्या राजेशाही मशीनवर डॉस टाकला. काचेच्या आत निळे-जांभळे दिवे आणि पडद्यावर काळोख, त्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. वायर लावली, बाईंनी "आ" केलं, आणि या वेळी उशीर अजिबात झाला नाही. इतका झाला नाही की पतंग कोणाला दिसलाच नाही. बाईंचं तोंड पुरतं उघडायच्या आत तो आभाळाच्या पार. जुना कार्यक्रम जुन्या मशीनच्या चालीनं लिहिलेला, आणि हे मशीन तो डोळ्याचं पातं लवायच्या आत संपवत होतं. मुलगी तिथेच बसली होती. ती उठून कॅबिनेटच्या मागे गेली आणि पतंग कुठे पडला ते शोधायला लागली.

तेव्हा मला पहिल्या दिवशीचा प्रश्न कळला.

"जुनं मशीन आण," बाई म्हणाल्या. "त्याचा पॉवर सप्लायच जळला आहे, बाकी जिवंत आहे. त्याचा पतंग कोण्या चालीनं जाते ते पाहून घेऊ, मग याले तेवढं हळू करू."

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला अजूनही लाज वाटते. पहिल्या दिवशी बाई मला म्हणाल्या होत्या, जुनं मशीन कोपऱ्यात ठेव, त्याचं काम आहे. मला वाटलं, म्हातारीचा जीव अडकलाय. मी ते पोत्यात घालून त्याच दिवशी लकडगंजच्या एका कबाड्याला देऊन टाकलं होतं. त्यानं ते कधीच फोडून विकलं होतं. हे मी बाईंना सांगितलं. पाठमोरा होऊन सांगायची सोय नव्हतीच, तोंडासमोर तोंड करूनच सांगावं लागलं.

बाई म्हणाल्या, "हं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "रविवारी येत जा."

धंद्यात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, त्यातली एकही आता आठवत नाही. ते "हं" आठवतं.

मी पंधरा दिवस कबाडखाने पालथे घातले. तशीच दोन मशीनं मिळाली. एक टेबलावर ठेवताच गेलं, दुसरं चार दिवस चाललं आणि त्याची चालही वेगळी होती. बाई म्हणाल्या, "राहू दे. डोकं जुनं चालन, शरीर जुनं नको. मले पुढची दहा वर्षं पाहिजे." कार्यक्रम पुन्हा लिहायचा म्हटलं तर वर्ष गेलं असतं, मूळ लिखाणाच्या फ्लॉप्या खराब झाल्या होत्या, आणि दिवाळी दीड महिन्यावर. मग साठीला टेकलेल्या बाईंनी चष्मा पुसून एक छोटासा वेगळा कार्यक्रम लिहिला. त्याचं काम एवढंच, की पतंगाच्या प्रत्येक पावलानंतर मशीनला फुकटचे आकडे मोजायला बसवायचं. एक ते अमुक मोज, मग पुढचं पाऊल टाक. आता प्रश्न उरला तो त्या अमुकचा. किती मोजायला लावलं म्हणजे वीस वर्षांपूर्वीची चाल परत येईल? पाहायला जुनं मशीन नाही. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी पडद्याकडे कधी पाहिलंच नाही ना गा. मी पोट्ट्यांच्या तोंडाकडे पाहत होती."

पुढच्या रविवारी शाळेत गेलो तर खोलीत तीन मोठी माणसं बसलेली. सक्करदऱ्याचा एक टेलर, लकडगंजला लाकडं कापायच्या आरा गिरणीवर काम करणारा एक दांडगा माणूस, आणि एका छापखान्यात टायपिंग करणारी बाई. तिघंही इथेच शिकलेली, इथेच पतंग उडवलेली. बाईंनी व्हिडिओ कॉल करून बोलावलं होतं. कान नाही तर डोळे तरी विसरले नसतील, हा त्यांचा हिशोब.

बाईंनी फळ्यावर एक आकडा लिहिला, मशीनला दिला. टेलरनं डब्यात "आ" केलं. पतंग सुसाट. तिघांचेही हात एकदम हलले: हळू. बाईंनी आकडा वाढवला. पतंग रांगायला लागला. जलद, जलद. आरा गिरणीवाला तर खुर्चीवरून उठून पतंग कसा जायचा ते आख्खं अंग हलवून दाखवत होता. तासभरानं असा एक आकडा आला की तिघांचेही हात थांबले. छापखान्यातल्या बाईनं पडद्याला हात लावला. मला वाटलं, जमलं. मी डोकं खाजवायचंही थांबवलं.

पण टेलरनं मान हलवली. बोट वाकवून ते दुसऱ्या बोटात अडकवलं. बाकीच्या दोघांनीही लगेच तीच खूण केली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, पतंग झाडात अडकत होता." बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "अडकत नव्हता. मी लिहिलं आहे ते, अडकायचं मी कुठे लिहिलं नाही."

तिघं ऐकेनात. बाई विरुद्ध तिघं, असं हातांनी जोरात भांडण जुंपलं. आवाज नाही, पण चांगलं कडाक्याचं. मी पडद्यावरच्या त्या झाडाकडे बघत होतो आणि माझ्या आयुष्यातली जी काय अक्कल होती ती त्या वेळी कामी आली. बाईंनी खिडकीतलं झाड हौसेनं पानंपानं करून काढलं होतं. पतंग त्याच्यावरून जाताना मशीनला तेवढी सगळी पानं पुन्हा काढावी लागत. बिचाऱ्या जुन्या मशीनला तिथे दम लागायचा, आणि पतंग थबकायचा. नव्या मशीनला पानं काय आणि आभाळ काय. मी हे बाईंना सांगितलं.

बाई खाली बसल्या. मग त्यांनी तिघांना विचारलं, अडकल्यावर तुम्ही काय करत होता? आरा गिरणीवाल्यानं छाती भरून घेतली, गालफडं ताणली आणि दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. जोर लावत होतो. अजून जोर, सुटेपर्यंत जोर. छापखान्यातल्या बाईनं सांगितलं, तिला भीती वाटायची, आपण आवाज सोडला तर पतंग फाटेल.

"म्हणजे श्वास लांबवायले मी नाही शिकवलं," बाई सावकाश म्हणाल्या. "त्या अडकण्यानं शिकवलं. वीस वर्षं. अन् मले माहीतच नाही."

दुसरं कोणी असतं तर खट्टू झालं असतं. बाईंचा चेहरा उजळला होता. त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "इंजिनिअर, ती चूक परत टाकू आपण. किती वेळ अडकत होता, विचार त्यांले."

ते मी कसं विचारणार? बाईंनीच युक्ती काढली. माझं मनगट टेलरच्या हातात दिलं आणि सांगितलं, पतंग अडकायचा तेवढा वेळ दाब. स्वतः मोबाईलवर वेळ मोजायला उभ्या राहिल्या. टेलरनं डोळे मिटले, दाबलं, सोडलं. मग छापखान्यातल्या बाईनं. मग आरा गिरणीवाल्यानं, ज्याच्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले. एकमेकांचं बघायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं. तिघांच्या वेळा जवळजवळ सारख्या निघाल्या. मी तिथे मनगट चोळत बसलो. वीस-वीस वर्षांपूर्वीचा एवढासा क्षण त्यांनी अंगात तसाच्या तसा सांभाळून ठेवला होता.

कंपनीचा साहेब मशीन बघायला आला तो त्यानंतरच्या आठवड्यात. नीटनेटका, मोबाईल काढून फोटोच्या तयारीत. काळा पडदा आणि इवलासा पतंग पाहून त्याचा चेहरा पडला. "मॅडम, इतक्या पॉवरफुल मशीनचा काही तरी पुरेपूर वापर..."

"पूर्ण वापरून राहिलो ना साहेब," बाई म्हणाल्या. "थोडं पतंग उडवायले लागते, बाकी सारं हळू राहायले लागते."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी खूप गंभीर चेहरा करून मान डोलावली. त्यानं काय समजून घेतलं कोण जाणे, मशीन मात्र राहिलं.

ते अजूनही आहे. बाई निवृत्त होऊन भंडाऱ्याला भाचीकडे राहायला गेल्या, त्यांची खुर्ची आता छापखान्यातल्या त्या बाईकडे आली आहे. माझं स्वतःचं दुकान झालं. दिवसभर लोकांना वेगवान मशीनं विकतो आणि तीन महिन्यांतून एकदा शाळेत जाऊन त्या मशीनचा पंखा साफ करून येतो. कोणी काही विचारलं तर उजेडाकडे तोंड करून उत्तर देतो.

पण मला सांगायचं होतं ते दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारचं. पतंग तयार होऊन आठ दिवस झाले होते. चाल बरोबर, अडकणं बरोबर. मुलगी रोज खुर्चीवर बसायची, पतंगाकडे बघायची आणि तोंड उघडायची नाही. बाई तिला एका शब्दानं म्हणत नव्हत्या, कर म्हणून. पण त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा नुसताच फोन करून ठेवून दिला होता. ज्या बाई फोनला हात लावत नव्हत्या त्या.

दुपारी बाप आला. एका हातात मिरच्यांची पिशवी बाईंसाठी, खांद्यावर मुलीच्या कपड्यांची थैली. मावशीकडून तिचं सगळं सामान घेऊनच आला होता.

"जय भीम मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही लय केलं तिच्यासाठी. आता नेतो मी तिले."

मला वाटलं बाई भांडतील. बाईंनी मिरच्यांची पिशवी घेतली, वास घेतला, कपाटावर ठेवली आणि त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. "एवढ्या दुरून आले तर एक पतंग उडवून जा."

"मी?"

"हो. यात तोंड घालून आ म्हणा. लाजता काहून? इथं कोण आहे ऐकायले?"

तो ओशाळून हसला. थैली खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीच्या टोकावर टेकला आणि डब्यात "आ" म्हणाला. लाल पतंग उचलला गेला. त्याचे डोळे मोठे झाले. पतंग चढत चिंचेपाशी गेला आणि पानांत अडकला. त्यानं जोर लावला, पण वर्षानुवर्षं मिरचीची भुकटी ओढलेली छाती ती. खोकल्याची उबळ आली, पतंग खाली. त्यानं तोंड पुसलं आणि कोणी न सांगता पुन्हा "आ" केलं. पुन्हा तिथेच अडकला. पुन्हा खोकला.

मुलगी दाराशी जायच्या तयारीत उभी होती. ती बघत होती. तिसऱ्यांदा पतंग चिंचेत शिरला तेव्हा ती आली, बापाच्या छातीवर तिनं पंजा ठेवला, इथली मुलं आवाज कुठे आहे ते बघायला ठेवतात तसा. बापाचा आवाज घरघरायला लागला होता, तुटणार होता. तिनं डबा स्वतःकडे ओढला.

तो आवाज काही गोड नव्हता. जाडाभरडा, नाकातून निघालेला, कुठल्या पट्टीत ते सांगता येणार नाही. पण लांब होता. बापाचा थांबला तरी तो थांबला नाही. पतंग पानांत थरथरला, थरथरला, आणि सुटला.

बापानं तो पाहिला नाही, तो मुलीच्या तोंडाकडे बघत होता. बाई मात्र, मूल समोर असताना पहिल्यांदाच, पडद्याकडे बघत होत्या. पतंग शेंड्यावरून निघाला तशा त्या दोन्ही हात वर करून, त्या आख्ख्या शाळेत कधी कोणी ओरडलं नसेल इतक्या मोठ्यानं ओरडल्या, "ओ पार!"

मुलीनं त्यांचे ओठ पाहिले आणि तिचेही दोन्ही हात वर गेले.

मी उगाच मशीनच्या मागे जाऊन वायरी तपासल्या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बापानं खांद्यावरची थैली काढून टेबलाखाली ठेवली होती. तो बाईंकडे वळला, नीट तोंडासमोर तोंड करून, आणि त्यानं विचारलं, "दिवाळी झाल्यावर शाळा कोण्या तारखेले उघडते मॅडम?"